टेलरनं सांगितलं म्हणे

ताई फौजदार झाली आणि त्या महिन्यात आमच्या घरात कोणी कोणावर विश्वास ठेवेनासं झालं. खरं तर तो आनंदाचा महिना. निकाल लागला तेव्हा अण्णा रानात होते, माय ओसरीवर ज्वारी निवडत होती आणि मी नायगावच्या अलीकडे, आमच्या फाट्यावर, शफीभाईच्या टेलरिंगच्या दुकानात पँटीची मोहरी दुमडत बसलो होतो. पलीकडच्या फोनवाल्यानं रस्त्यातूनच हाळी दिली, "बाळू, तुझी बहीण फौजदार झाली रे!" शफीभाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "घ्या. आता तुझ्या बापाच्या सायकलीला ट्रकनंबी बाजू द्यावी लागणार." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मी हसलो की नाही, ते मला आठवत नाही. मी धावत रानात गेलो एवढं आठवतं. अण्णांना सांगितलं तर त्यांनी हातातलं खुरपं नीट धुतलं, कोपीच्या आढ्याला खोवलं आणि मगच विचारलं, "नक्की आपलीच ना?"

ताई नांदेडला कॉलेजात शिकली आणि नंतर दोन वर्षं लातूरला खोली करून अभ्यास केला. तिथल्या मेसचा डबा तिला सोसायचा नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी मी एसटीनं शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि लोणचं घेऊन जायचो. ती अभ्यासिकेच्या पायरीवर बसून धपाटा खायची, बोटं पुसायची आणि मला विचारायची, "आज किती पळालास?" कारण मीसुद्धा शिपाई भरतीच्या तयारीत होतो. सुट्टीत घरी आली की पहाटे मला हलवून उठवायची आणि फाट्यापर्यंत पळत न्यायची. पुढं ती, मागं मी. लातूरच्या मैदानावर माझी सोळाशे मीटरची धाव झाली तेव्हा शेवटच्या वळणावर मी पडलो, उलटी झाली आणि उठलो तोवर सगळे पुढं गेले होते. घरी कोणी काही बोललं नाही. तेच मला जास्त लागलं. त्यानंतर मी शफीभाईकडे बसू लागलो. काज-बटण, दुमड, इस्त्री शिकलो. दुपारी ते नमाजाला गेले की दुकान माझ्या हवाली असायचं, चावीसुद्धा.

निकालानंतर आमच्या घरात शाली आणि नारळ मावेनात. मायनं आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, सकाळच्या चुरमुऱ्यांच्या सुशीलेवरही खोबरं घातलं. अण्णांचं चालणं बदललं. आधी ते रस्त्याच्या कडेनं चालायचे, आता मधून चालू लागले. फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. ताईचा फोटो मोठा, बाजूला पुढाऱ्यांचे, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत टपाल तिकिटाएवढा माझा. माझं नाव माधव, त्यांनी महादेव छापलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

पण या सगळ्या कौतुकाच्या पोटात संशय होता. अण्णांचं म्हणणं असं की दारात येणारा प्रत्येक जण दोनच कारणांनी येतो. एक तर त्याचा मुलगा लग्नाचा असतो, नाही तर त्याचं वाळूचं ट्रॅक्टर ठाण्यात लागलेलं असतं. पेढा तोंडात टाकताना कोणाचा चेहरा कसा झाला, हे ते बारकाईनं बघायचे आणि पाहुणा गेला की निकाल द्यायचे, "ह्याच्या पोटात दुखून राहिलं." माय रोज संध्याकाळी ताईची दृष्ट काढायची. मोहऱ्या, मीठ आणि धर्माबादहून आणलेल्या लाल मिरच्या चुलीत टाकायची. ठसका लागला तर ठीक. नाही लागला, तर दृष्ट जबर, म्हणून त्या दिवशी घरी येऊन गेलेल्या माणसांची नावं ती एकेक करून घ्यायची. त्यात सख्खी जाऊसुद्धा सुटली नाही. ताई वैतागून म्हणायची, "माय, मी अजून ट्रेनिंगला गेले न्हाई, तू अख्खं गाव आरोपी करून ठेवलंस."

स्थळं खरोखरच येत होती. ताईला प्रशिक्षण संपेपर्यंत लग्नाचा विषय नको होता. अण्णा म्हणायचे, "करायचं कोण म्हणतंय? बघून तर ठेवू." यावरून एकदा ताई भरल्या ताटावरून उठली. तेव्हा माय म्हणाली, "चढला हिचा तवा." हे आमच्या घरचंच बोलणं. ताई लहान असताना चुलतभावाच्या चिडवण्यावर संतापून तिनं चुलीवरचा तापलेला तवा सांडशीसकट अंगणात फेकला होता. तेव्हापासून ताईचा राग म्हणजे तवा. तो चढतो आणि उतरतो. आमच्या चार माणसांशिवाय हे कोणी म्हणत नव्हतं. त्या दिवशी ताट धुताना ताईनं मला हसत हसत सांगितलं, "बाळू, कुणी चौकशीला आलं ना, काय बी सांग अन् पळवून लाव." हे वाक्य पुढं मी कितीतरी वर्षं स्वतःपुढं ढालीसारखं धरलं. म्हणून ते जसंच्या तसं इथं लिहून टाकतो. ती हसत होती, हेही लिहितो.

आमच्याकडे मुलीची चौकशी करायची तर लोक टेलरला विचारतात. घरातल्या बायकांची मापं ज्याला ठाऊक, त्याला त्यांचे स्वभावही ठाऊक असणार, असा काहीतरी समज आहे. त्या महिन्यात तीन वेळा असे लोक शफीभाईकडे आले. शर्टाचं माप द्यायचं निमित्त, मग हळूच, "ते फौजदार झाली ती पोरगी, घरचे कसे आहेत हो?" शफीभाई टेप गळ्यात घालून म्हणायचे, "घर चांगलं हाय. पोरगी तर सोनं हाय. बाह्या किती ठेवू?" यापुढं ते जायचे नाहीत.

चौथा माणूस आला तेव्हा शफीभाई नमाजाला गेले होते. ऊन कडक होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं, फक्त उसाच्या रसाच्या गाड्याची घुंगरं वाजत होती. माणूस मोटारसायकलवरून उतरला. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. पाणी मागून प्याला, स्टुलावर बसला आणि ताईचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, "ओळखता का?"

"हाव, ओळखतो की."

"वागणूक कशी आहे?"

"बरी हाय."

"घरचे कसे? कुणाशी भांडण-तंटा? पोरीची काही भानगड?"

हेच प्रश्न, याच क्रमानं, आधीच्या तिघांनी विचारले होते. भानगड म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी फोडून सांगत नाही. मी मोहरीचा दोरा दातानं तोडला आणि म्हणालो, "पोरगी हुशार हाय. पण तवा लवकर चढतो तिचा. नांदेडला कॉलेजात असताना एका पोराला भर स्टँडवर हाणलं होतं. केस झालती म्हणं. नंतर मिटवली." हाणलं होतं, हे खरं होतं. त्या पोरानं तिची ओढणी धरली होती म्हणून तिनं एक ठेवून दिली होती, आणि गोष्ट तिथंच संपली होती. केस मी माझ्या पदरची जोडली. असल्या सुनेच्या वाटेला कोण जाईल, असा माझा हिशेब होता.

माणसानं बॅगेतून कागद काढला आणि लिहून घेतलं. मग दाराच्या पाटीकडे बघून विचारलं, "दुकान तुमचंच ना?"

मी म्हणालो, "हाव."

आता इथं मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. त्या माणसाच्या पायात लालसर तपकिरी बूट होते, पॉलिश केलेले. साध्या कपड्यातल्या पोलिसाचे बूट कसे असतात, हे माझ्याइतकं फाट्यावर कोणाला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्याच बुटांची स्वप्नं बघत होतो. ते बूट माझ्या नजरेला पडले होते. बोलण्याआधी पडले, बोलताना, की तो मोटारसायकलला किक मारत होता तेव्हा, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं. कधी वाटतं, तो गेल्यावरच. कधी वाटतं, "केस झालती" म्हणताना मी खाली बघत होतो, त्याच्या पायांकडेच. मी माझ्या आठवणीला उलटसुलट तपासलं आहे आणि दर वेळी तिनं जबाब बदलला आहे. ताईवर माझा जीव होता, हे खरं. पहाटेच्या त्या रस्त्यावर ती सतत माझ्या पुढं पळत होती, हेही खरं.

पुढच्या काही आठवड्यांत लातूरच्या तिच्या मैत्रिणींना प्रशिक्षणाची पत्रं आली. ताईला आलं नाही. पोस्टमन फाट्यावरून वळला की अण्णा उठून उभे राहायचे आणि तो पुढं गेला की बसायचे. शेवटी ताई नांदेडला जाऊन आली. चारित्र्य पडताळणीच्या अहवालात तिच्याविरुद्ध शेरा होता. तिनं फॉर्ममध्ये एक गुन्हा लपवला, असं त्यात आलं होतं. लपवल्याचं सिद्ध झालं तर निवडच रद्द. हे तिनं उभ्या उभ्या सांगितलं आणि पिशवी न उतरवता लातूरला निघून गेली. तिथले तिचे जुने सर कायद्याचं जाणत, त्यांना विचारायला. मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो. तिथून मला घरातलं सगळं ऐकू येत होतं. माय म्हणत होती, "कोण असंल?" आणि अण्णा नावं घेत होते. भावकीतला हा, बांधावरचा तो, पेढा न खाता गेलेला अमका. एकेक नाव यायचं, त्याच्यावर दोघं बोलायचे आणि पुढं सरकायचे. माझं नाव त्यात येणार नव्हतं, आणि तरी मी प्रत्येक नावाआधी श्वास धरत होतो.

जळकोटहून मामा आला. हा मायचा थोरला भाऊ. धोतर, करकरीत टोपी, आणि जगात सगळीकडे आपली ओळख आहे असा त्याचा दावा. त्यानं घरातच तपास सुरू केला. आम्हाला एकेकाला समोर बसवून विचारलं, "निकालाच्या दिवशी कोण कोण आलं? कोण उशिरा आलं? उशिरा का आलं?" माय म्हणाली, "दादा, भाकरी खा आधी." मामा म्हणाला, "तपासात खाणं नसतंय," आणि चार भाकऱ्या, अंबाडीची भाजी आणि ठेचा संपवून तो ओळखीच्या कोणाला तरी भेटायला नायगावला गेला. परत आला तेव्हा त्याची टोपी हातात होती. "चौकशीवाल्यानं फाट्यावर विचारलं. टेलरनं सांगितलं म्हणे."

माय म्हणाली, "शफीनं? आपल्या शफीनं?" अण्णा उठले. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. शफीभाई आणि अण्णा एका वर्गात शिकलेले. अण्णांच्या लग्नातला सदरा शफीभाईच्या वडिलांनी शिवला होता, माझी लहानपणीची आखूड चड्डीसुद्धा त्याच दुकानातली. मी मागोमाग धावलो, पण दुकानात शिरलो नाही. रस्त्यापलीकडच्या हॉटेलाच्या बाकावर बसलो. दोघं आत माप घ्यायच्या पडद्यामागं गेले. पडद्याखालून दोघांचे पाय तेवढे दिसत होते. बराच वेळ कोणाचा आवाज आला नाही. मग अण्णा बाहेर आले, दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडले, "माझ्या मिठाला जागला न्हाईस! माझ्या पोरीच्या ताटात माती कालवलीस!" अण्णांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. एसटीची वाट बघणारी माणसं गोळा झाली. शफीभाई दारात उभे होते. त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. त्यांनी रस्त्यापलीकडे बघितलं. मी बाकावर होतो. त्यांना मी दिसलो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. ते कापड बेतत होते. मान वर न करता म्हणाले, "चावी ठेव." मी ठेवली.

"तुला काय बोलायचं हाय का?"

"न्हाई."

"मग जा."

ताई चार दिवसांनी आली. परतताना नांदेडला तिला अहवाल वाचायला मिळाला होता, तिनं लेखी खुलासा दिला होता आणि कोणत्याही ठाण्यात आपल्या नावानं काही नोंद नाही याचे दाखले मिळवायला अर्ज केले होते. सकाळी ती घरामागं धुणं वाळत घालत होती. मला बादलीतून एकेक कपडा पिळून द्यायला लावलं. लुगडं दोरीवर पसरता पसरता म्हणाली, "काय लिहिलंय माहीत हाय का त्यात? 'स्थानिक टेलर यांचेकडे विचारणा केली असता सदर उमेदवार हिचा तवा लवकर चढतो असे समजले.' साहेब मला विचारत होते, तवा म्हणजे काय?"

माझ्या हातातला कपडा बादलीत पडला. ती माझ्याकडे बघत नव्हती. लुगड्याच्या चुण्या नीट करत होती.

"ताई, मला वाटलं स्थळाचा माणूस हाय. तूच म्हणालीस..."

"मी म्हणाले होते. बरं. अन् शफीचाचांचं नाव? ते बी मी म्हणाले होते?"

मी बादलीतला कपडा उचलून पुन्हा पिळू लागलो.

"अण्णांना सांग. मी ट्रेनिंगला जायच्या आत सांग. मी सांगणार न्हाई. माझ्या तोंडून गेलं तर ते तुला घरात ठेवायचे न्हाईत." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. "अन् मी सांगत न्हाई, म्हणजे अजून वर्दी अंगावर चढली न्हाई तोच मी एकाला पाठीशी घातलं. तू काय करून ठेवलंस, कळतंय का तुला?"

दाखले आले, नोंद कुठंच नव्हती, शेरा निघाला, पत्र आलं. ताई प्रशिक्षणाला गेली त्या सकाळी फाट्यावर हलगी वाजली, तिला फेटा बांधला, मायनं डब्यात भाजलेल्या शेंगा आणि गूळ भरून दिला. शफीभाईचं दुकान बंद होतं. ताई गर्दीतून निघून त्यांच्या घरी जाऊन आली. काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही. बस हलली तेव्हा ती खिडकीतून अण्णांना हात करत होती, मायला करत होती. माझ्याकडे तिनं नुसतं बघितलं, आणि ती काय विचारते आहे हे मला कळलं, आणि मी मान खाली घातली.

वर्षभरात शफीभाई गाव सोडून धर्माबादला लेकीकडे राहायला गेले. गावानं त्यांच्याकडे कपडे टाकणं बंद केलं होतं. फौजदारीणबाईंच्या वाईटावर असलेल्या माणसाकडून कोण शिवून घेणार? आणि अण्णांनी तर त्याची कथाच केली. पाहुणा आला, की ताईच्या अभ्यासापासून सुरुवात व्हायची, मेसचा डबा, लातूरची खोली, निकाल, आणि मग आवाज खाली आणून, "पण माणसं कशी असतात बघा. आमच्या फाट्यावर एक टेलर होता..." माझ्या लग्नात त्यांनी ती सांगितली. ताईच्या प्रत्येक बढतीला सांगितली. मी तिथंच असायचो, पाण्याचे ग्लास भरत, ताटं वाढत. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, "अन् हे तुमचे चिरंजीव काय करतात?" अण्णा म्हणाले, "तो साधा हाय. त्याच्या वाटेला जाऊ नका."

मी पुढं नायगावला कपड्यांचं दुकान टाकलं. चाललं. ताई निरीक्षक झाली, दूरच्या जिल्ह्यात असते. फोनवर मायची तब्येत, मुलांचे मार्क, पाऊस-पाणी सगळं बोलते. ती गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. शफीभाईंविषयी माझ्या मनात मी एक चित्र करून ठेवलं होतं. देवमाणूस. सगळं ठाऊक असून त्यांनी माझं नाव घेतलं नाही, पोरासाठी बदनामी गिळली. माझ्यासाठी हे चित्र सोयीचं होतं, कारण देवमाणसाकडे जाऊन क्षमा मागण्याची तशी घाई नसते.

मागच्या वर्षी माय गेली. दहाव्याला धर्माबादची माणसं आली होती, त्यातल्या एकानं सांगितलं की शफी टेलर आहेत अजून, पण डोळे गेले. मी आठवड्यानं गेलो. ते जावयाच्या घरासमोर बाजेवर बसले होते. नाव सांगितलं. ते म्हणाले, "बस." मी बसलो आणि सगळं सांगितलं, बुटांसकट. सांगताना मी रडलो. त्यांनी मला थांबवलं नाही.

शेवटी म्हणालो, "तुम्ही माझं नाव घेतलं न्हाई, शफीभाई. तुमचे उपकार..."

"कोण म्हणलं?" ते मध्येच म्हणाले. "मी कशाला गप बसंन? माझं दुकान होतं ते. त्याच दिवशी तुझ्या बापाला सांगितलं, पडद्यामागं. की मी नमाजाला होतो, दुकानात तुझं पोरगं होतं."

रस्त्यावरून मिरच्यांची पोती भरलेला टेम्पो गेला. बाजेवर बसल्या बसल्या मला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"तुझा बाप गप झाला. मग म्हणला, शफी, पोरगं ते मैदानात पडल्यापासनं मान वर करून जेवत न्हाई. हे गावात कळलं तर ते जगायचं न्हाई. मी म्हणलो, अन् मी? तर म्हणला, तू सोसशील. विचारलं न्हाई त्यानं. सांगितलं. अन् बाहेर जाऊन ओरडला." शफीभाईंनी तोंडावरून हात फिरवला. "मी कुठं सोसलं, बेटा? मी गाव सोडलं."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. ते म्हणाले, "नक्को. त्याला सांग, की त्यानं सांगावं. लोकांत बोलला होता, लोकांतच सांग म्हणावं."

त्या दिवशी बसमधूनच मी ताईला फोन केला. पडद्यामागचं सगळं तिला सांगितलं. मग म्हणाली, "मी अण्णांपासनं लपवत होते रे. अण्णांपासनं." आणि फोन ठेवला.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत. दुसऱ्या दिवशी ते चहा पीत असताना मी समोर बसलो. "अण्णा, धर्माबादला जाऊन आलो. शफीभाईकडं."

ते चहा पीत राहिले. कप संपला, बशीत ठेवला.

"काय म्हणला?"

"सगळं सांगितलं त्यांनी. पडद्यामागचं."

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं, निदान शरम. तसं काही आलं नाही. ते घाबरल्यासारखे दिसले. त्यांनी दाराकडे बघितलं, जणू बाहेर कोणी उभं आहे. मग हळू म्हणाले, "बाळू, आता लोकांना काय सांगू मी?" मी त्यांचा कप उचलला आणि विसळायला नेला.

चार-पाच दिवसांनी परभणीकडचे एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी भरतीची तयारी करते, त्यांना ताईची हकीकत अण्णांच्या तोंडून ऐकायची होती. मुलगीही सोबत होती, वही घेऊन. अण्णांनी सुरुवात केली. अभ्यास, लातूरची खोली, निकाल, नारळ. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढत गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभा होतो. मग ते म्हणाले, "पण माणसं कशी असतात बघा. आमच्या फाट्यावर एक टेलर..." आणि थांबले. त्यांची बोटं धोतराच्या काठावर फिरत राहिली. मुलीनं वहीतून मान वर केली आणि विचारलं, "काय केलं त्यांनी, आजोबा?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

मी बशा खाली ठेवल्या, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि पुढचं मी सांगितलं.